कवळीवाल्याची बंदूक

माझा मेव्हणा बर्चेल स्टिडम कवळ्या बनवायचा. पूर्व केंटकीतल्या आमच्या काउंटीत दातांचे तीन डॉक्टर होते आणि तिघेही दात उपटण्यापुरतेच. पुढचं सगळं बर्चेलच्या घरामागच्या खोलीत व्हायचं. पॉपॉ क्रीक या आमच्या ओढ्याच्या काठानं चाळिशी ओलांडलेलं जे कुणी हसायचं, ते बहुतेक बर्चेलच्या कृपेनं हसायचं. मी त्याच भागात टपाल वाटायचो. एखाद्या पेटीशी उभं राहून म्हातारीशी दोन शब्द बोललो की तिची कवळी बर्चेलनं ऐन उमेदीत केलेली की हल्लीची, हेसुद्धा मला सांगता यायचं.

माणूस शांत. इतका शांत की माझी बहीण ओव्हा त्याला लग्नाआधी वर्षभर बहिरा समजत होती. ती शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची, तिथल्या मशिनांच्या खडखडाटानंतर घरी असा नवरा मिळाला याचं तिला काही वाईट वाटलं नाही.

आवाजाची कसर आमचे डॅडी भरून काढायचे. एल्झी गेहार्ट, वय चौऱ्याहत्तर, कोळशाच्या खाणीतून निवृत्त. खाण सुटली तेव्हा फुप्फुसं निम्मी उरली होती, बोलणं मात्र पूर्ण शिल्लक होतं. दर रविवारी चर्च सुटलं की आम्ही सगळे ओव्हाकडे जेवायला जमायचो, आणि बीन्सचं पातेलं टेबलावर आलं की डॅडींचा अँब्रोज गेहार्टही यायचा. हा अँब्रोज म्हणजे त्यांच्या पणजोबांचा बाप. डॅडींच्या म्हणण्याप्रमाणे त्यानं या डोंगरांतली सगळ्यात सरळ मारणारी चकमकीची बंदूक स्वतःच्या हातांनी बनवली होती. ती बंदूक पुढे कुणीतरी एका गाईच्या बदल्यात देऊन टाकली आणि ती गाय आठवड्यात खड्ड्यात पडून मेली. अँब्रोजनं खरंच कधी काही बनवलं असेल, याचा पुरावा म्हणाल तर एवढाच, की गाईची गोष्ट कुणी मुद्दाम रचणार नाही.

एकोणीसशे सत्त्याहत्तर सालच्या एका रविवारी डॅडी म्हणाले, "आमच्या घराण्यात बंदुका बनायच्या. आणि जावई काय बनवतो, तर हिरड्या."

हे ते दर रविवारी म्हणायचे. त्या रविवारी बर्चेलनं चमचा खाली ठेवला.

"बंदूक बनवणं काही फार अवघड नसणार," तो म्हणाला.

डॅडी हसले. इतके हसले की वरची कवळी सुटून बीन्सच्या वाडग्यात पडली. बर्चेलनं ती चमच्यानं बाहेर काढली, रुमालानं पुसली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

"डावीकडून झिजलीय. सोमवारी या," तो म्हणाला. मग ओव्हाकडे वळून, "मी बनवणार."

"काय?"

"बंदूक. नळीपासून."

डॅडींनी कवळी परत बसवली. "विकतचा एक स्क्रूसुद्धा चालणार नाही बरं का. अँब्रोजच्या काळी कॅटलॉग नव्हते."

"नाही आणणार."

"मग माझ्या मर्तिकाला घेऊन ये. तोवर होते का बघू."

ओव्हानं एकच अट घातली, स्वयंपाकघरात आग नको. ती मोडायला बर्चेलला चार वर्षं लागली.

*

पहिली अडचण लोखंडाची. बर्चेलला जुन्या पद्धतीचं, तंतूतंतूंचं मऊ लोखंड हवं होतं. पुरात गेलेल्या आमच्या झुलत्या पुलाच्या सळया तीस वर्षं ओढ्याच्या काठी गंजत पडल्या होत्या. त्या आम्ही माझ्या ट्रकमधून आणल्या. भट्टी त्यानं ट्रकच्या एका जुन्या ब्रेक ड्रमची केली. भात्याऐवजी ओव्हाचं केस वाळवायचं यंत्र लावलं. परिणामी माझी बहीण त्या अख्ख्या फेब्रुवारीत ओल्या केसांनी चर्चला आली आणि सर्दीनं शिंकत बसली. ब्रदर साइझमोअरना, म्हणजे आमच्या पाद्र्यांना, वाटलं ती प्रवचन ऐकून रडतेय. त्यांनी प्रवचनं लांबवली. त्याबद्दल गावानं बर्चेलला बरेच दिवस माफ केलं नाही.

नळी बनवायची म्हणजे लोखंडाची लांब पट्टी तापवून एका गजाभोवती गुंडाळायची आणि दोन कडा पांढऱ्याफेक तापल्या की हातोड्यानं एकजीव करायच्या. एका वेळी दोन बोटं एवढीच लांबी. मी चिमट्यानं धरायचो, तो ठोकायचा. एखादा ठोका उशिरा पडला की जोड बसत नाही, लवकर पडला तरी बसत नाही. पहिली नळी पूर्ण झाली आणि थंड होताना मधोमध उसवली, जशी जाड माणसाच्या पँटची शिवण उसवते. दुसरी दिसायला सुरेख होती, पण बर्चेलनं तिच्यात पाणी भरलं तर अंगाला घाम फुटल्यासारखी पाझरली.

"तुला वाईट वाटत नाही?" मी विचारलं.

"लॉन्झो," तो म्हणाला, "तुझ्या डॅडींची खालची कवळी मी पाच वेळा केलीय."

तिसरी नळी टिकली. मग तिच्या आत मळसूत्री खाचा पाडायच्या होत्या, गोळी फिरत बाहेर पडावी म्हणून. त्यासाठी त्यानं माणसाच्या उंचीहून लांब असा एक लाकडी बाक केला, त्यावर एक फिरता दांडा आणि दांड्याच्या टोकाला नखाएवढं पातं. दांडा ओढायचा, ढकलायचा, पुन्हा ओढायचा. एक खाच पुरी व्हायला संध्याकाळ पुरायची नाही. अशा सात खाचा. रेडिओवर सिनसिनाटीच्या बेसबॉलचं समालोचन लावून तो ओढत बसायचा, आणि येणारा-जाणारा तो लांबलचक बाक बघून ओव्हाला विचारायचा, "शवपेटी कुणासाठी? एल्झी बरे आहेत ना?"

डॅडींच्या कानावर हे गेलं. दुसऱ्याच दिवशी ते बाकाशेजारी आडवे होऊन बघून आले.

"अरुंद आहे," म्हणाले.

*

लाकडाचं प्रकरण चर्चपर्यंत गेलं. चर्चमागच्या कबरस्तानातला जुना मेपल वादळात पडला, तो नेमका चर्चचे जुने कारभारी डीकन रिची यांच्या थडग्यावर. डीकन रिची आयुष्यभर इतरांच्या चुका मोजत आले होते, त्यामुळे हे पाहून बऱ्याच लोकांना बरं वाटलं. झाड कापलं तर आत लाकडावर वाघाच्या पट्ट्यांसारख्या लहरी. बर्चेलनं ते पाहिलं आणि पहिल्यांदाच मी त्याला चर्चच्या आवारात हात जोडून उभं असलेलं पाहिलं.

पण ब्रदर साइझमोअरना त्याचं नवं व्यासपीठ करायचं होतं.

या ब्रदर साइझमोअरांना लेक्झिंग्टनच्या कुण्या डॉक्टरानं बसवलेली कवळी होती. ती सैल होती. 'स' आला की तिच्यातून शीळ वाजायची. सैतानाचं नाव घेतलं तर चांगलीच लांब वाजायची, त्यामुळे आमच्या गावात सैतान म्हणजे जरा आनंदी, कामाला जाता-जाता शीळ घालणारा माणूस असावा, अशीच मुलांची समजूत होती.

बर्चेल त्यांच्याकडे गेला. मी सोबत होतो.

"ब्रदर, एक फळी द्या. सगळ्यात लहरी असलेली. त्या बदल्यात मी तुम्हाला नवे दात देतो."

"देवाच्या घराचं लाकूड तुला बंदुकीला हवंय?" ब्रदर म्हणाले. त्यात 'स' एकही नव्हता, तरी बारीक शीळ वाजली.

"घराचं नाही. अंगणातलं."

ब्रदर विचारात पडले. जिभेनं कवळी चाचपली. "शीळ जाईल?"

"जाईल."

फळी मिळाली. दात बसले. शीळ गेली, आणि तिच्याबरोबर प्रवचनातली गंमतही गेली. मागच्या दोन रांगा तेव्हापासून झोपायला लागल्या त्या आजतागायत.

*

खरी करामत बर्चेलनं लाकडात केली. नळी आणि चापाचं यंत्र दस्त्यात, म्हणजे बंदुकीच्या लाकडी अंगात, असं बसावं लागतं की मध्ये कागद सरकता कामा नये. लोक यात वर्षं घालवतात. बर्चेलनं दिव्याची काजळी तेलात कालवली, लोखंडाला फासली, लाकडावर दाबली, उचलली. जिथे काळा डाग पडला तिथलं लाकूड टेकत होतं, तेवढंच खरवडलं. पुन्हा काजळी, पुन्हा दाब.

"हे कुठे शिकलास?" मी विचारलं.

"मिसेस ऑक्सियरच्या तोंडात," तो म्हणाला. "कवळी कुठे टोचते ते असंच कळतं. लाकूड बरं. ते मध्येच सुनेच्या तक्रारी सांगत नाही."

चापाच्या यंत्रातल्या स्प्रिंगनं मात्र त्याला रडवलं. ती पोलादाची घडी जास्त कडक झाली की मोडते, मऊ राहिली की बंदुकीचा घोडा मरगळल्यासारखा पडतो आणि त्याच्या जबड्यातली गारगोटी ठिणगीच पाडत नाही. चार स्प्रिंगा मोडल्या. चौथी ओव्हाच्याच चुलीवर, ती कारखान्यात असताना, तापवलेली होती. तिचा तुकडा उडाला आणि फळीवरच्या लोणच्याच्या बरणीतून आरपार गेला. ओव्हा घरी आली, जमिनीवर सांडलेल्या व्हिनेगरचा वास घेतला, कपाळावर पट्टी लावलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"आग नको म्हटलं होतं मी."

"आग नव्हती. नुसता विस्तव होता."

"बर्चेल, तुला अजून बोलायची सवय नाही. खोटं कशाला बोलायला जातोस?"

पाचवी स्प्रिंग टिकली. ती त्यानं कुठे तापवली हे मला ठाऊक आहे, पण ओव्हा अजून जिवंत आहे, तेव्हा राहू दे.

एक काम त्यानं कुणाला न सांगता केलं. नळीच्या टोकाशी नेम धरायला जी इवलीशी माशी असते, ती जुने कारागीर चांदीची किंवा हाडाची करत. चांदी विकत आणावी लागली असती. बर्चेलनं मागच्या खोलीतला दातांचा डबा उघडला आणि एक चिनी मातीचा दात घासून, पातळ करून, नळीवर बसवला. पिवळसर पांढरा. सावलीतही दिसायचा.

*

त्र्याऐंशीच्या वसंतात बंदूक तयार झाली. आमच्या काउंटीत पिण्याच्या दारूला बंदी, पण ठासायच्या दारूला नाही. बर्चेलनं तिच्यात नेहमीच्या दुप्पट ठासली, चिंधीत गुंडाळलेली गोळी गजानं खाली ढकलली, बंदूक ट्रकच्या टायरला करकचून बांधली आणि चापाला लांब दोरी लावली. फुटायची असेल तर आत्ताच फुटू दे, हा हेतू. मी आणि तो डुकरांच्या गोठ्यामागे जमिनीवर पालथे. डॅडी मात्र घडीची खुर्ची टाकून उघड्यावर बसले.

"डॅडी, मागे या."

"अँब्रोजच्या बंदुका फुटत नसत."

"ही अँब्रोजची नाही," मी म्हणालो. "ही बर्चेलची आहे."

डॅडींनी क्षणभर विचार केला आणि खुर्ची घेऊन आमच्याही मागे जाऊन बसले.

बर्चेलनं दोरी ओढली. आधी नळीबाहेरची बारीक दारू, म्हणजे रंजक, भुसकन पेटली, मग असा आवाज झाला की समोरच्या डोंगरानं तो दोनदा परत पाठवला. डुकरं कुंपण मोडून पळाली. नळी शाबूत होती. बर्चेलनं तिच्यावरून अंगठा फिरवला, टोकापासून बुडापर्यंत, आणि मग तिथेच चिखलात बसला. सहा वर्षं लागली होती. मी त्याला रडताना पाहिलं असं म्हणणार नाही. डुकरं शोधायला जायचं होतं, मी तिकडे बघत होतो.

आणि मग कळलं की बर्चेलला बंदूक मारता येत नाही.

चकमकीच्या बंदुकीत चाप ओढल्यावर डोळ्यांसमोर आधी जाळ होतो, आणि गोळी सुटायला पापणी लवण्याइतका वेळ जातो. तेवढ्या वेळात हलायचं नाही, सगळी कला एवढीच. बर्चेलनं तीस वर्षं फिरत्या चाकावर दात घासले होते. समोर काही उडालं की त्याचे डोळे आपोआप मिटायचे. कोठाराच्या भिंतीवर लक्ष्य लावलं तर गोळी छपराला लागायची. एकदा तर धुराड्यावरचं पत्र्याचं झाकण गेलं.

"बंदूक डावीकडे मारते," डॅडी म्हणाले.

"बंदूक सरळच मारते," बर्चेल म्हणाला. "मी डावीकडे मारतो."

*

पुढच्या उन्हाळ्यात बर्चेल दोन दिवस कवळ्या पोचवायला शेजारच्या काउंटीत गेला. परत आला तर बंदूक जागेवर नव्हती. त्याच सुमारास डॅडींच्या ओसरीत लेक्झिंग्टनहून आलेला एक जुन्या वस्तूंचा व्यापारी बसला होता, नाव वेनराइट, पायांत पांढरे बूट. मी टपाल घेऊन तिथे पोचलो तेव्हा बंदूक त्याच्या मांडीवर होती. डॅडींनी ती डुकराच्या चरबीनं आणि काजळीनं माखली होती, आणि दस्त्यावर खिळ्यानं कोरलं होतं: ए. जी., १८११.

"पाच पिढ्या घरात आहे," डॅडी सांगत होते. "एक गाय देत होते, तरी दिली नाही आम्ही."

वेनराइटच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "काय हे बसवलंय. लोखंड आणि लाकडात केसाचंही अंतर नाही. असा हात मी आयुष्यात पाहिला नाही, मिस्टर गेहार्ट." त्यानं जो आकडा सांगितला त्यात नवा ट्रक आला असता.

तेवढ्यात बर्चेल आला. फाटकातूनच त्यानं खिळ्याची अक्षरं पाहिली. चेहरा असा झाला, जसा कुणी त्याच्या कवळीनं अक्रोड फोडल्यावर व्हायचा. पायरीवर बसला आणि ऐकत राहिला. मी त्याला ओळखत होतो. तो ते कौतुक ऐकत होता. त्याच्या सहा वर्षांच्या कामाला एवढे शब्द कुणी दिले नव्हते, आणि आता मिळत होते ते मेलेल्या अँब्रोजला.

"आणि ही माशी," वेनराइट म्हणाला. "हस्तिदंती. डोंगरात हस्तिदंत कुठून आला असेल त्या माणसाला?"

"हस्तिदंत नाही तो," बर्चेल म्हणाला.

"हा जावई आहे," डॅडी घाईनं म्हणाले. "याला काही कळत नाही."

"वरचा, समोरचा, डावा. सिगारेट ओढणाऱ्यांसाठीच्या रंगातला. अजून डबाभर आहेत, हवे तर दाखवतो."

वेनराइटनं दात पाहिला. मग बर्चेलकडे पाहिलं. मग डॅडींकडे, जे एकाएकी ओढ्याकडे बघायला लागले होते.

"तुम्ही बनवलीत?"

"नळीपासून."

मला वाटलं तो चिडेल. तो हसला, घाम पुसला आणि म्हणाला, "मग आणखी बनवा. अशाच जुन्या दिसणाऱ्या. नाव कुणाचं घालायचं ते मी बघतो."

"नको," बर्चेल म्हणाला. "कवळ्यांचं काम पडलंय."

बंदूक काखेत धरून तो पायीच घरी गेला. माझ्या ट्रकमध्ये बस म्हटलं तर ऐकलं नाही. डॅडी माझ्यावर ओरडले, कारण ओरडायला मीच उरलो होतो.

*

डॅडींनी बर्चेलशी बोलणं टाकलं. रविवारी जेवायला येईनात. बंदूक विकू दिली नाही याचा राग नव्हता म्हणे. जावयानं चारचौघांत खोटं पाडलं याचा होता. चारचौघांत म्हणजे मी आणि पांढऱ्या बुटांचा एक परका माणूस.

इकडे बर्चेल खिळ्याच्या खुणा घासत बसला. साल गेलं, 'ए' गेला. 'जी' मात्र डॅडींनी इतका जीव लावून कोरला होता की तो काढायचा तर दस्त्याला खड्डा पडला असता. तो राहिला.

त्या दिवसांत एकदा बर्चेल अंगणात नेहमीप्रमाणे छपराला गोळ्या मारत होता. ओव्हा कारखान्यातून आली, पर्स पायरीवर ठेवली, आणि म्हणाली, "आण इकडे. पत्रे माझ्या पगारातून येतात."

त्यानं ठासून दिली. तिनं गाल टेकवला, चाप ओढला. जाळ झाला, धूर झाला, आणि भिंतीवरच्या कागदाच्या मधोमध भोक पडलं. दुसरी गोळी त्याच्या शेजारी. तिसरी दोन्हींच्या मध्ये.

बर्चेल कागदापर्यंत गेला, बोट घालून बघितलं, परत आला. "डोळे मिटले नाहीस?"

"सत्तावीस वर्षं माझ्या बोटांसमोर सुई नाचतेय," ओव्हा म्हणाली. "मिटले असते तर बोटं राहिली असती का?"

त्या दिवसापासून बंदूक तिची. बर्चेलनं एकदा हळूच आठवण करून दिली की बनवली त्यानं आहे. ओव्हानं दस्त्यावरच्या 'जी'वर बोट ठेवलं. "जी म्हणजे गेहार्ट. माझं माहेरचं नाव. डॅडींनी मला आयुष्यात दिलेली ही एकच वस्तू, आणि तीही चुकून."

सप्टेंबरात डॅडींच्या हिरडीला फोड आला. दहा दिवस त्यांनी पातळ लापशीवर काढले. अकराव्या दिवशी बर्चेलच्या मागच्या खोलीत येऊन, एक शब्द न बोलता, खुर्चीत बसले आणि आ वासला. बर्चेलनंही शब्द न बोलता कवळी काढली, काजळी लावली, बसवली, काढली, डागावर घासली, परत बसवली.

डॅडींनी जबडा हलवून पाहिला. "अँब्रोजला हे जमलं नसतं," म्हणाले.

एवढीच माफी. बर्चेलला ती पुरली. त्या रविवारी त्यानं त्यांच्या पानात बीन्स स्वतः वाढले.

*

ऑक्टोबरात स्वयंसेवक अग्निशमन दलाच्या आवारामागे नेमबाजीची स्पर्धा असते, फक्त ठासणीच्या बंदुकांची. साठ पावलांवर जळक्या लाकडाची फळी, तिच्यावर खडूची फुली, प्रत्येकाला पाच गोळ्या. बरेच बाप्ये रॅकून नावाच्या प्राण्याच्या कातड्याची शेपटीवाली टोपी घालून, अंगभर दारूची शिंगं आणि पिशव्या लटकवून येतात; खरेदीला निघालेल्या ख्रिसमसच्या झाडासारखे दिसतात. ओव्हा चर्चचे बूट घालून आली. कारखान्याचा ॲप्रन काढायचा राहिला होता, त्याच्याच खिशात तिनं गोळ्या ठेवल्या होत्या.

"स्टिडम, बायकोला पुढे करतोस?" कुणीतरी म्हणालं.

"हो," बर्चेल म्हणाला. "मी मारली तर आगीचा बंब फुटेल."

पहिल्या तीन गोळ्या फुलीच्या आत गेल्या. चौथ्या वेळी घोडा पडला आणि ठिणगीच निघाली नाही. बर्चेल पुढे धावला, खिशातल्या छोट्या हातोडीनं गारगोटीची धार काढायला लागला, पण हातोडी दोनदा गारगोटीऐवजी अंगठ्यावर बसली, तेव्हा ओव्हानं ती काढून घेतली आणि स्वतः दोन टिचक्या मारल्या. चौथी गोळी तिसरीच्या भोकातून गेली असं डॅडी सांगायचे. शेजारून गेली.

डॅडी खुर्चीवर बसून शेजारच्याला सांगत होते, "मीच शिकवलं तिला."

"तुम्ही मला भांडी घासायला शिकवलंत," ओव्हा मागे न वळता म्हणाली.

मग पाचवी गोळी. ती फुलीपासून तीन बोटं लांब गेली. ओव्हाचा दुसरा नंबर आला. बक्षीस म्हणून डुकराची अख्खी, धुरावलेली मांडी मिळाली. पहिलं बक्षीस ज्याला मिळालं तो रॅकूनच्या टोपीवाला आनंदानं नाचला.

मी ती मांडी ट्रकमध्ये ठेवायला मदत करत होतो तेव्हा तिला विचारलं, "पाचवी कशी गं चुकली? वारापण नव्हता."

"पहिलं बक्षीस काय होतं बघितलंस?"

बघितलं होतं. एक मोठं खोकं. घरच्या घरी चकमकीची बंदूक जोडायचा पूर्ण संच.

"सात वर्षं, लॉन्झो," ती म्हणाली. "केस वाळवायचं यंत्र, बरणी, चूल. मी ते खोकं घरात येऊ देणार नव्हते."

बर्चेलला हे मी सांगितलं नाही. उपयोगही झाला नसता. महिनाभरानं टपाल घेऊन गेलो तर ओव्हा पायरीवर शेंगांच्या शिरा काढत बसलेली, आणि बर्चेल तिच्याच शिवणकामाची टेप घेऊन तिच्या कोपरापासून बोटापर्यंतचं माप घेत होता. डीकन रिचींच्या झाडाची आणखी एक फळी त्याच्याकडे होती. ती त्यानं ब्रदर साइझमोअरांच्या बायकोच्या कवळीवर मिळवली होती.

"पहिली माझ्या हाताच्या मापाची आहे," तो मला म्हणाला. "हिला दस्ता लांब पडतो. म्हणून ती वाकून मारते."

"मी वाकून मारत नाही," ओव्हा म्हणाली.

"हलू नकोस."

"शेंगा कोण निवडणार मग?"

"हात सरळ कर, ओव्हा."

तिनं एक सुस्कारा सोडला, शेंगांचं पातेलं माझ्या हातात दिलं आणि हात सरळ केला.